प्राचीन नगररचनेवरील परीक्षोत्तरें : एक परीक्षण

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं अस्थानीं वाटेल. जुन्या पोथ्या, ताम्रपट आणि दप्तरें यांच्या सहवासांत रमणाऱ्या मंडळींनीं विद्यार्थ्यांच्या उत्तरांकडे काय म्हणून पाहावें, असा प्रश्न कोणी केल्यास तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं. परंतु आमचें सांगणें असें कीं, प्राचीन नगरांविषयीं आज समाजांत जें ज्ञान म्हणून वावरतें, त्याचा मोठा भाग उत्खननाच्या वृत्तांतांतून येत नसून परीक्षेसाठीं छापलेल्या मार्गदर्शकांतून येतो. शिवाय हीं उत्तरें लिहिणारे तरुण उद्यां अधिकारपदावर बसतात. एखाद्या गांवचें पांढरीचें टेंकाड सपाट करावयाचें कीं राखावयाचें, याचा निर्णय त्यांच्या सहीनें होतो. जुनी भिंत पाहून तिला कोणता प्रश्न विचारावा हें ज्यास परीक्षेच्या तयारींत कधींच शिकविलें गेलें नाहीं, तो त्या टेंकाडास काय न्याय देणार? म्हणून या उत्तरांचें परीक्षण करणें हें संशोधकांचेंहि काम आहे, असें आम्ही समजतों.

गेल्या कांहीं वर्षांत नगररचनेवरील अशीं अनेक नमुना-उत्तरें आमच्या पाहण्यांत आलीं. त्यांचा सांचा बहुधा एकच. आरंभीं सिंधु-संस्कृतीचा गौरव. मग काटकोनांत छेदणारे रस्ते, झांकलेल्या मोऱ्या, भाजक्या विटा, महास्नानगृह, धान्याचें कोठार यांची यादी. त्यानंतर कौटिल्याचें नांव व पाटलिपुत्राचा उल्लेख. आणि शेवटीं आपले पूर्वज नगररचनेंत किती पुढारलेले होते, असा समारोप. यांतील बहुतेक विधानें सुटीं घेतलीं तर खोटीं नाहींत. तरीहि उत्तर म्हणून त्यांची किंमत अल्प आहे. कारण प्रश्न पृथक्करणाचा असतो आणि उत्तर वर्णनाचें असतें. या सांच्यांत चार दोष आम्हांस वारंवार आढळले. ते क्रमानें मांडतों.

पहिला दोष असा कीं, प्रश्नांतील मुख्य पदाकडेच दुर्लक्ष होतें. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१४ सालच्या मुख्य परीक्षेंत एक प्रश्न होता. त्याचा आशय असा : सिंधु-संस्कृतीच्या नगररचनेनें व संस्कृतीनें आजच्या नागरीकरणास कितपत हातभार लावला? येथें सारा भार ‘कितपत’ या पदावर आहे. हें पद माप मागतें. पण उत्तरें पाहावीं तों रस्ते, मोऱ्या व विटा यांची तीच यादी, आणि अखेरीस चंडीगढचे सरळ रस्ते हे मोहेंजोदडोचे वंशज असल्याचा निर्वाळा.

सादृश्य आणि परंपरा या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन घराण्यांच्या मुद्रा सारख्या दिसल्या म्हणून तीं घराणीं एका कुळांतलीं, असें या त्रैमासिकाचा वाचक कधींहि म्हणणार नाहीं. तो मधल्या पिढ्यांचा कागद मागेल. मग नगरांच्या बाबतींत ही सावधगिरी कां सुटावी? सिंधु-नगरें इ. स. पू. १९०० च्या सुमारास व त्यानंतर ओस पडत गेलीं. हडप्पा येथें दयाराम सहानी यांनीं १९२१ सालीं व मोहेंजोदडो येथें राखालदास बॅनर्जी यांनीं १९२२ सालीं खोदकाम केलें, आणि जॉन मार्शल यांनीं १९२४ सालीं या संस्कृतीची वार्ता जगास दिली. तोंपर्यंत त्या नगरांची रचना कोणाहि नगरकारास ठाऊक नव्हती. नव्या दिल्लीच्या रचनेसाठीं नेमलेल्या समितीचें काम १९१२ व १९१३ सालांतलें आहे. म्हणजे मोहेंजोदडोच्या पहिल्या कुदळीपूर्वीं तिचा आराखडा ठरून गेला होता. जयपूर १७२७ सालीं वसलें, तें नऊ खंडांच्या कल्पनेवर. चंडीगढची योजना १९५१ सालीं ल कॉर्बूझिए यांनीं हातीं घेतली, आणि तिचे धागेदोरे विसाव्या शतकांतील युरोपीय नगरविचारांत उघड दिसतात. जें कार्य दुसऱ्या कारणानें पूर्णपणें उलगडतें, त्यास आणखी एक कारण चिकटविणें यालाच आपले नैयायिक अन्यथासिद्धि म्हणतात. काटकोनांतील रस्ते हे सपाट भूमीची वांटणी करणाऱ्या कोणाहि माणसास सुचण्याजोगे आहेत. तेवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाहीं.

दुसरा दोष साक्षींच्या सरमिसळीचा. या त्रैमासिकाच्या वाचकांस अस्सल पत्र, नक्कल, बखर व कानूजाबता यांतील भेद सांगण्याची गरज नाहीं. जाबत्यांत काय व्हावें तें लिहिलेलें असतें. काय झालें तें जमाखर्चांत सांपडतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील दुर्गविधान व दुर्गनिवेश हीं प्रकरणें जाबत्याच्या जातीचीं आहेत. पूर्वपश्चिम तीन व दक्षिणोत्तर तीन राजमार्ग असावेत, बारा दरवाजे असावेत, चौदा, बारा व दहा दंड रुंदीचे तीन खंदक असावेत, दहा कुळांमागें एक विहीर असावी, हें सर्व विधान विध्यर्थी आहे. तें वाचून ‘मौर्यांच्या नगरांत तीन खंदक होते’ असें लिहिणें म्हणजे जाबता वाचून शिल्लक रक्कम सांगणें होय.

येथें आमची स्वतःची चूक कबूल करणें प्राप्त आहे. शाळेंत असतां आम्हीं कित्येक वर्षें ही प्रकरणें पाटलिपुत्राचें वर्णन म्हणूनच शिकविलीं. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, कौटिल्य लांकडी तट नको म्हणतो, मग पाटलिपुत्राचा तट लांकडाचा कसा?” त्या मुलानें दोन धडे शेजारीं ठेवून वाचले होते, आम्हीं ते निरनिराळ्या महिन्यांत शिकवून मोकळे झालों होतों. त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे पृथक्करण कशास म्हणतात तें कळतें. अर्थशास्त्र लांकडी तटाचा निषेध करतें आणि कारण अग्नीचें देतें. उलट मेगॅस्थेनीसची साक्ष अशी कीं, पाटलिपुत्राचा तट लांकडी असून त्यास ५७० बुरूज व ६४ दरवाजे होते. मेगॅस्थेनीसचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. स्ट्रेबो, एरियन इत्यादिकांनीं घेतलेले उतारे तेवढे उरले. म्हणून ही साक्ष नकलेच्या दर्जाची, आणि आंकडे त्याच सावधगिरीनें घ्यावयाचे. परंतु पाटण्यानजीक बुलंदीबाग येथें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झालेल्या उत्खननांत उभ्या ओंडक्यांच्या दोन समांतर रांगा प्रत्यक्ष निघाल्या. हें अस्सल पत्र. लांकडाविषयीं नक्कल व अस्सल यांचा मेळ बसला. जाबता एकटा पडला.

मग कौटिल्य चुकला कीं काय? तसें नव्हे. एरियनच्या उताऱ्यांत असें कारण दिलें आहे कीं, नदीकांठचीं नगरें लांकडाचीं बांधीत, कारण पाऊस व पूर यांपुढें विटांचें काम टिकत नसे. उंचवट्यावरचीं नगरें मात्र वीट व माती यांचीं असत. शास्त्रकारास आगीचें भय, नदीकांठच्या नगरास पाण्याचें भय. पाली महापरिनिब्बान-सुत्तांत पाटलिग्रामास अग्नि, पाणी व आपसांतील फूट या तिहींपासून धोका सांगितला आहे, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. सर्वसामान्य नियम एक, स्थळाची गरज दुसरी; आणि प्रत्यक्ष नगर हें या दोहोंच्या झगड्यांतून उभें राहिलें. एवढें लिहिणारा परीक्षार्थी पानभर विशेषणें लिहिणाऱ्याच्या कितीतरी पुढें गेला असें आम्ही समजूं.

यांत काळाचाहि प्रश्न आहे. अर्थशास्त्राचें ताडपत्र एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलें व शामशास्त्री यांनीं तें १९०९ सालीं छापलें, ही कथा पोथीसंग्राहकांस ठाऊकच आहे. त्या वेळीं तो ग्रंथ चंद्रगुप्ताच्या अमात्याचाच मानण्याकडे अनेकांचा कल होता. पुढें रा. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० पासून काढली. टॉमस ट्राउटमन यांनीं १९७१ सालीं शब्दांच्या गणतीवरून ग्रंथांत एकाहून अधिक हात असल्याचें प्रतिपादिलें, आणि पॅट्रिक ऑलिव्हेल यांनीं २०१३ सालच्या भाषांतरांत त्याची घडण इसवी सनाच्या आसपासच्या शतकांत ठेविली. हा वाद कोणास मान्य असो वा नसो. तो आहे हें न सांगतां ग्रंथाची साक्ष मौर्यकाळास लावणें अप्रामाणिक होय. मानसाराची गोष्ट तर याहून बिकट. दंडक, सर्वतोभद्र, नंद्यावर्त इत्यादि आठ प्रकार सांगणारा हा शिल्पग्रंथ सिंधु-नगरांहून कैक शतकांनीं अर्वाचीन. तरी त्याच्या आधारें मोहेंजोदडोचे रस्ते समजावून देणारीं उत्तरें आम्हीं पाहिलीं आहेत.

तिसरा दोष नांवांच्या मोहाचा. उत्खनकानें सोयीसाठीं ठेविलेलें नांव विद्यार्थ्यास सांपडलेली वस्तु वाटूं लागतें. मोहेंजोदडोचें तें जलाशय सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे. दोन्ही टोंकांस पायऱ्या, विटांचे सांधे जिप्समच्या चुन्यानें घट्ट केलेले, पाठीमागें डांबराचा थर. येथवर प्रत्यक्ष. त्यांत पाणी साठवीत, हें बलवान अनुमान. तेथें धार्मिक स्नान होत असे, हें त्याहून दुबळें अनुमान. आपल्या गडांवरील शब्द वापरून त्यास कोणीं ‘मोठें टाकें’ म्हटलें असतें, तर निम्मी उत्तरें पूजाविधीकडे वळलींच नसतीं. अर्थात् तेवढ्यानें धर्माची बाजू खोटी ठरत नाहीं. भोंवतालचे खांब व खोल्या यांचा उलगडा दुसऱ्या पक्षासहि करावाच लागेल. पण कोणती पायरी पाहिलेली व कोणती तर्कानें चढलेली, हें उत्तरांत दिसलें पाहिजे.

शेजारच्या इमारतीस मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९५० सालीं धान्याचें कोठार ठरविलें. तेथें धान्याचा पुरावा मिळाला नसल्यामुळें पुढील संशोधकांनीं ती ओळख संशयित ठरविली. लोथल येथील सुमारें २१४ मीटर लांबीच्या विटबंदी कुंडास शि. रं. राव यांनीं गोदी म्हटलें. १९६८ सालीं लॉरेन्स लेश्निक यांनीं तें पाण्याचें तळें असल्याचा पक्ष मांडला. तसेंच ‘बालेकिल्ला’ हें नांव. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें हा शब्द ऐकतांच राजगड उभा राहतो, आणि गड आला म्हणजे पाठोपाठ राजा येतो. पण मोहेंजोदडोच्या पश्चिमेकडील त्या उंच भागावर निर्विवाद राजवाडा म्हणतां येईल असें कांहीं निघालेलें नाहीं. १ : २ : ४ या प्रमाणाच्या विटा दूरदूरच्या नगरांत मिळतात, यावरून माप समान होतें एवढें निश्चित, तें माप एका सम्राटानें लादलें, हें निश्चित नाहीं. ज्या ठिकाणीं पुरावा थांबतो त्या ठिकाणीं लेखणी थांबणें, हाहि पृथक्करणाचाच भाग होय.

चौथा दोष एका नगरास सर्व नगरांचा प्रतिनिधि करण्याचा. मोहेंजोदडोच्या झांकलेल्या मोऱ्या साऱ्या संस्कृतीच्या नांवें खर्चीं पडतात. परंतु कालीबंगन येथें घरें बहुतांशीं कच्च्या विटांचीं आहेत, आणि घरांतील सांडपाणी रस्त्यांत पुरलेल्या रांजणांत मुरवीत. बनावलीचे रस्ते सर्वत्र काटकोन पाळीत नाहींत. रवींद्रसिंह बिश्त यांनीं १९९० पासून उजेडांत आणलेल्या कच्छमधील धोलावीरा येथें दोन ऐवजीं तीन भाग आहेत, बांधकामांत दगडाचा मोठा उपयोग आहे, आणि दोन पावसाळी ओढ्यांचें पाणी अडवून भरणाऱ्या विस्तीर्ण तलावांची मालिका आहे. २०२१ सालीं त्या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोहेंजोदडो विहिरींवर जगलें, धोलावीरा तलावांवर. कारण उघड आहे : एकास सिंधूच्या गाळाखालचें पाणी, दुसऱ्यास कच्छचें रण. ही तुलना दोन वाक्यांत होते व ‘उत्कृष्ट जलव्यवस्था’ या निर्जीव शब्दद्वयास अर्थ देते.

याच दोषाचें दुसरें रूप म्हणजे नगररचना उत्तरोत्तर सुधारत गेली असा सरळ चढ कल्पिणें. तक्षशिलेनें तो समज पार मोडला आहे. मार्शल यांनीं १९१३ ते १९३४ या काळांत तेथें खणलें. भीर टेंकाडावरील जुन्या नगरांत गल्ल्या वांकड्यातिकड्या. त्यानंतरच्या सिरकप नगरांत सरळ हमरस्ता व त्यास काटकोनांत मिळणाऱ्या गल्ल्या. म्हणजे सिंधु-नगरांनंतर हजारांहून अधिक वर्षांनीं वसलेलें भीर त्यांच्याहून अव्यवस्थित, आणि सिरकपची व्यवस्था इंडो-ग्रीक अमलांतील. ओडिशांतील शिशुपालगड, जेथें बा. बा. लाल यांनीं १९४८ सालीं उत्खनन केलें, तो चौरस असून प्रत्येक बाजूस दोन याप्रमाणें आठ दरवाज्यांचा आहे. शास्त्राचे बारा तेथेंहि नाहींत. शिवाय सरळ रस्ता म्हणजेच शहाणपण, असें प्राचीनांसहि सर्वत्र वाटत नव्हतें. ॲरिस्टॉटलनें हिप्पोदामसच्या सरळ रचनेची सोय मान्य करूनहि, शत्रु आंत शिरल्यास त्यास वाट सांपडूं नये म्हणून नगराचा कांहीं भाग जुन्या वांकड्या पद्धतीचा ठेवावा असें सुचविलें आहे.

आतां उपाय. तो नवा नसून आपल्या घरांतलाच आहे. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन या पंचावयव वाक्याची शिस्त उत्तरास लावावी. वर दिलेल्या २०१४ च्या प्रश्नास आम्ही असें उत्तर लिहूं :

“सिंधु-नगरांचा आजच्या नगररचनेस झालेला प्रत्यक्ष हातभार अल्प, व बोधरूप हातभार मोठा आहे. कारण इ. स. पू. १९०० नंतर हीं नगरें ओस पडलीं व १९२१ पर्यंत त्यांची रचना अज्ञात होती. मधला दुवा दाखवितां येत नाहीं. नव्या दिल्लीचा आराखडा १९१३ पर्यंत ठरला, म्हणून तो त्यांवरून घेतलेला असूं शकत नाहीं. चंडीगढचे सरळ रस्तेहि त्याच न्यायानें सादृश्य होत, वारसा नव्हे. तथापि घरची मोरी रस्त्याच्या गटारास जोडणें, गटारावर उचलतां येणारीं झांकणें ठेवणें, व धोलावीरेप्रमाणें पावसाचें पाणी नगरांतच साठविणें, हीं तत्त्वें आज अवलंबण्याजोगीं आहेत. संस्कृतीच्या इतर अंगांचें सातत्य स्वतंत्रपणें तपासलें पाहिजे. म्हणून हातभार किती, याचें उत्तर : वंशानें थोडा, शिकवणुकीनें पुष्कळ.”

यावर आक्षेप येईल कीं, परीक्षेंत आतां तीन तासांत वीस उत्तरें लिहावीं लागतात. एकास नऊ मिनिटें. तेथें न्यायशास्त्रास अवकाश कोठें? आक्षेप खरा आहे, पण तो आमच्याच बाजूचा आहे. वरील उत्तर दीडशे शब्दांच्या मर्यादेंत बसतें. यादीचें उत्तर मात्र कितीहि शब्द दिले तरी पुरें होत नाहीं, कारण यादीस स्वभावतः शेवट नसतो. ज्यास प्रतिज्ञा ठाऊक आहे त्यास काय गाळावें तें कळतें. मार्गदर्शकांवर सगळा ठपका ठेवणेंहि न्याय्य नव्हे. विखुरलेली माहिती खेड्यांतील मुलापर्यंत त्यांनींच पोंचविली, आणि ‘ठळक वैशिष्ट्यें लिहा’ असे प्रश्न वर्षानुवर्षें घालून यादीची संवय परीक्षकांनींच लाविली.

यास्तव आमच्या दोन सूचना आहेत. प्रश्न काढणाऱ्यांनीं प्रश्नासोबत साक्ष द्यावी : एका नगराचा नकाशा, त्याशेजारीं शास्त्रांतील विधानाचा सारांश, आणि या दोहोंचा मेळ कोठें बसतो व कोठें बसत नाहीं असा प्रश्न. दुसरी सूचना आमच्या वाचकांस. ज्यांच्या संग्रहीं वास्तुविषयक पोथ्या आहेत त्यांनीं त्यांची नोंद प्रसिद्ध करतांना लेखनकाल, लेखकाचें स्थळ व समाप्तिलेख अवश्य द्यावा. आणि पोथीचा काळ, ग्रंथाचा काळ व ग्रंथांत सांगितलेल्या नगराचा काळ हे तीन काळ वेगळे ठेवावेत. हे तीन काळ आपणच एक करूं लागलों, तर नऊ मिनिटांत लिहिणाऱ्या मुलास दोष देण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यानें लांकडी तटाचा प्रश्न विचारला त्यास त्या वर्षीं परीक्षेंत आम्हीं इतरांइतकेच गुण दिले. कारण त्याच्या उत्तरांत एक वैशिष्ट्य कमी होतें. तो हिशेब आज आमच्याकडे बाकी आहे. हा लेख त्या बाकीपोटीं जमा समजावा.